अडतीस हजार चारशे

बितॉमच्या खाणी मिटल्या, माझं दुकान उघडं आहे.
दारावर पाटी: ओल्गिएर्द. जुनी यंत्रं, नवी यंत्रं. उधारी नाही.
फेब्रुवारीत, बर्फ काळं पडून रस्त्याकडेला साचलेलं,
गेर्त्रुदा आली, पोरांच्या घसरगाडीवर
नवऱ्याचे तीन संसार दोरीने बांधून.
"यातलं काय ठेवू?" म्हणाली. "घर लहान घेतलंय."

कॉम्प्युटर यारेमाने चौदा वर्षं बांधला.
एका डिसेंबरात पंखा, एका बोनसमध्ये ग्राफिक कार्ड,
मदरबोर्ड दोनदा. मूळचा राहिलाय फक्त पत्रा.
त्याच्या पोटात हात घालता येतो, हे त्याचं मोठेपण.
चुकलात तर धूर निघतो, तोही तुमचाच.
तळाशी एक सुटा स्क्रू, मांजराचे केस,
आणि वायरींना खाणीतल्या दोरखंडाची गाठ.

मग नवं. पांढरं, उभं, आवाज न करणारं.
खोटं कशाला बोलू, माझ्याही घरी तेच आहे.
रात्री अकराला पाय लांब करून बसतो
आणि ओल्या दगडावरून कंदिलाचा उजेड असा सरकतो
की वीस वर्षं जमिनीखाली काढून
मी तो खाणीत नीट पाहिलाच नव्हता.
हाक मारली की जिथे झोपलं तिथूनच उठतं.
आतून तोही कॉम्प्युटरच, फक्त तोंड शिवलेला;
चकती घालायला फटसुद्धा नाही.
जोडलं. म्हणालं, आधी चाळीस जीबी.
दीड तास आम्ही ती पट्टी भरताना पाहिली,
इस्पितळात सलाइनची बाटली पाहतात तशी.
मग म्हणालं, पासवर्ड.
गेर्त्रुदाने लग्नाची तारीख घातली,
मांजराचं नाव, आधीच्या मांजराचं नाव.
हेल्पलाइनवरचा मुलगा गोड बोलला:
सगळं सुरक्षित आहे, बाई.
फक्त तुमचं नाही.

तिसरं, जपानी यंत्राची नक्कल,
त्र्याण्णव साली बाजारात कोबीच्या गाड्याशेजारी घेतलेली.
दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो;
आम्ही कुठेही न पोळता कॅसेटी फुंकत होतो.
फुंकरीने काही होत नसे, उलट पिना गंजायच्या,
काढून परत बसवली म्हणूनच ती चालायची.
हे कळलं तेव्हा मी पस्तिशीचा होतो.
अजून फुंकतो.

बटण दाबलं. त्याने काहीच विचारलं नाही.
पडदा लागला, चौकोनी ढग, चौकोनी माणूस, चला.
कॅसेटीत नाण्याएवढी बॅटरी,
तीस वर्षं एक यादी उशाशी घेऊन जागी.
मोजली: दोन व्होल्ट, वर जेमतेम.
काढली तर यादी पुसते,
नाही काढली तर या उन्हाळ्यात पुसते.
बाहेरून दोन वायरी लावल्या, उसना प्रवाह,
आई चूल बघेस्तोवर शेजारणीने मूल धरावं तसा,
आणि डाख देताना श्वास घेतला नाही.

यादी उघडली. तीन अक्षरांचीच जागा,
म्हणून यारेमा तिथे नुसता ‘यार’.
पुढे: अडतीस हजार चारशे.

गेर्त्रुदाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"पन्नास सांगायचा," म्हणाली.
"लग्नात सांगितलं, माझ्या भावाला सांगितलं,
शेवटच्या आठवड्यात नर्सला सांगितलं.
पन्नास हजार, वर."
आणि हसायला लागली, टेबलाची कड धरून,
इतकी की शेजारचा चांभार डोकावून गेला.

नव्या यंत्राने हाच आकडा त्याच मिनिटाला
लिस्बनपासून सोलपर्यंत सगळ्यांना दाखवला असता.
थाप ठेवायला माणसाला कोनाडा उरला नसता.

कॉम्प्युटर भाच्याला द्यायचं ठरलं.
पांढरं माझ्याकडे, कशाला ते तिने सांगितलं नाही,
अजून फडताळावर आहे, निळा दिवा लावून अपडेट मागतंय.
कॅसेट तिने कोटाच्या आतल्या खिशात घातली.
दारातून वळली:
"कुणी विचारलं तर?"

"पन्नास," मी म्हणालो. "वर."